ब्रायरच्या पाइपमध्ये एअरवे नेमका तळाशी कसा उतरवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तंबाखू ओढायचे पाइप घडवायचे आहेत, लाकूडकामाचा छोटा लेथ हाताशी आहे, इटलीहून मागवलेले ब्रायरचे (एका झुडपाच्या कडक गाठीच्या लाकडाचे) ठोकळे आहेत, बाहेरचा आकार चांगला जमतो. पण तंबाखूची पोकळी आणि धुराचं भोक एकमेकांना हवं तिथे भेटत नाहीत. एका पाइपमध्ये धुराचं भोक तळापासून ४ मिमी वर निघालं, दुसऱ्यात मधोमध न येता डाव्या भिंतीत निघालं. ड्रिलचा बिट बदलावा का, आधी कोणतं भोक पाडावं, वेग किती ठेवावा, आणि बिघडलेले दोन्ही नग वाचतील का?

बिट बदलून हे सुटणार नाही. दोन्ही दोष दिसायला सारखे असले तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. भोक डावीकडे गेलं ते ठोकळा नीट न धरल्यामुळे. भोक तळाच्या वर राहिलं ते रेखाटनात किंवा खोली मोजण्यात गडबड झाल्यामुळे. पहिला दोष ठोकळा धरण्याची पद्धत सुधारली की कायमचा जातो. दुसरा मात्र प्रत्येक पाइपच्या वेळी नव्याने कागदावर सोडवावा लागतो. ज्याला कातकाम येतं त्याला पाइपचा बाहेरचा आकार फारसा अवघड नसतो, आणि बाहेरची चूक घासून निघते. आतली निघत नाही. म्हणून या कामात निम्म्याहून जास्त वेळ ड्रिल चालू करण्याआधी खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी नावं जुळवून घेऊ. तंबाखू भरायची पोकळी म्हणजे चेंबर आणि ती ज्या भागात असते ती वाटी. चेंबरच्या तळापासून दांड्यातून जाणारं बारीक भोक म्हणजे एअरवे. दांड्याच्या टोकाला स्टेम (ओठांत धरायची नळी) बसवायला जी रुंद, सपाट तळाची जागा कोरतो तिला खोबण म्हणू, आणि स्टेमचा जो खुंट तिच्यात जातो त्याला सुतारांसारखं कुसू म्हणू.

पाइपमध्ये भोकं तीन असली तरी अक्ष दोनच आहेत. एक चेंबरचा. दुसरा खोबण आणि एअरवे यांचा मिळून. हे दोन अक्ष एकाच प्रतलात असले पाहिजेत आणि चेंबरच्या तळाच्या मध्याशी एकमेकांना भेटले पाहिजेत. बाकीची सगळी खटपट एवढ्यासाठीच. तंबाखू जळताना वाफ सुटते आणि दांड्यात थंड होऊन तिचं पाणी होतं. एअरवे तळापासून वर राहिला तर त्याच्या खालचा तंबाखू ओढीच्या वाटेत येतच नाही. तो जळत नाही, ओला होऊन कडू गाळ बनून तळाशी साचतो. एअरवे एका भिंतीत निघाला तर ओढ त्याच अंगाने लागते, निखारा तिकडे खोल उतरतो आणि ती भिंत जास्त तापते.

आता डाव्या-उजव्या चुकीचं बघू. ठोकळ्याच्या दोन बाजू एकमेकींना अगदी समांतर करून घ्या. बँडसॉवर कापा, मग जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून त्यावर घासा. कॅलिपरने चारही कोपऱ्यांशी जाडी मोजा, ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. पाइपकडे बाजूने पाहिल्यावर जी आकृती दिसते ती याच दोन बाजूंवर काढायची असते. असा ठोकळा दोन जबड्यांच्या सेल्फ-सेंटरिंग चकमध्ये (लेथची ठोकळा धरणारी पकड, जिचे जबडे एकदमच मध्याकडे सरकतात) या सपाट बाजूंनी धरला की त्याच्या जाडीचा मध्य आपोआप लेथच्या अक्षावर येतो. एक भोक झालं की जबडे जरा सैल करायचे, ठोकळा त्याच प्रतलात फिरवायचा, दुसऱ्या अक्षाची रेघ टेलस्टॉकसमोर (लेथचं न फिरणारं टोक, त्यात बिट बसवतो) आणायची आणि पुन्हा आवळायचं. किती अंशांनी फिरवलं यात चूक होऊ शकते. पण डावीकडे-उजवीकडे चूक होण्याची जागाच उरत नाही, कारण दोन्ही वेळा तोच मध्य अक्षावर आहे. तुमच्या दुसऱ्या पाइपचं पूर्ण उत्तर एवढंच आहे.

लाकडाच्या लेथसाठी सहसा चार जबड्यांचा चक मिळतो. तो टाकून द्यायची गरज नाही. समोरासमोरचे दोन जबडे काढा आणि उरलेल्या दोघांच्या पायांवर बसतील असे लांब, सपाट अॅल्युमिनियमचे जबडे जवळच्या वर्कशॉपमधून करून घ्या. जबड्याची लांबी ठोकळ्यापेक्षा थोडी जास्त असावी. मात्र हे लांब जबडे आणि त्यांत तिरका धरलेला ठोकळा फिरताना दिसेनासे होतात आणि हाताला लागले तर बोट मोडतं. चालू करण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा, तोंडावर पारदर्शक ढाल, नाकावर चांगला मास्क, बाही कोपराच्या वर. यात मी कधीच सवलत देत नाही.

आणखी एक तपासणी लोक विसरतात. हेडस्टॉकमध्ये (लेथच्या फिरणाऱ्या टोकात) एक टोकदार सेंटर आणि टेलस्टॉकमध्ये दुसरं लावून दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणा. ती नेमकी भिडली नाहीत तर लेथच वाकडा आहे. मग ठोकळा कितीही नीट धरला तरी भोक भरकटणार. स्वस्त लेथमध्ये हा दोष हमखास आढळतो आणि टेलस्टॉकखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून बहुतेक वेळा निघतो.

लेथ नसेल तर ड्रिल प्रेसवरही चांगलं काम होतं. तत्त्व तेच, दोन समांतर बाजू. ठोकळा व्हाइसमध्ये या बाजूंनी धरा, बिटाचं टोक जाडीच्या मध्यरेषेवर आणा, मग न फिरणारा बिट ठोकळ्याच्या पुढून खाली आणून बाजूवर काढलेल्या अक्षाच्या रेघेशी जुळवा. रेघ आणि बिट समांतर दिसेपर्यंत ठोकळा कलता करायचा. हातातल्या ड्रिलने एअरवे पाडायचा विचार मात्र सोडून द्या. ६० मिमी लांबीत एका अंशाची चूक झाली तर दुसऱ्या टोकाला भोक साधारण १ मिमी सरकतं. एअरवेची त्रिज्याच २ मिमी असते, म्हणजे दोन अंशांची चूक झाली की भोक आपल्या अर्ध्या रुंदीइतकं हललं. हाताला दोन अंश कळत नाहीत.

आता वर-खालच्या चुकीकडे. इथे आकडे घालून सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. सरळ दांड्याचा साधा बिलियर्ड आकार घ्या. वाटीची उंची ४८ मिमी, बाहेरचा व्यास ३८, चेंबरचा व्यास १९. म्हणजे भिंत साडेनऊ मिमी जाड राहते. चेंबरची खोली ४० ठेवली तर तळाखाली ८ मिमी लाकूड उरतं, आणि ते सुरक्षित आहे. तळाशी ५–६ मिमीपेक्षा कमी लाकूड ठेवू नये, तिथेच जळून आरपार भोक पडायची भीती असते. एअरवेचा व्यास ४ मिमी. त्याची खालची कड चेंबरच्या तळाशी यायची तर त्याचा अक्ष वाटीच्या कडेपासून ३८ मिमी खाली हवा, ४० नव्हे. खूप जण अक्षाची रेघ तळाच्या रेघेवरच काढतात. मग अर्धा एअरवे तळाच्या खाली जातो आणि तिथे पाणी साचणारी चर तयार होते. दांडा १७ मिमी जाड असेल तर त्याची खालची कड ४६.५ मिमीवर येते, वाटीच्या बुडापेक्षा दीड मिमी वर. आकार डोळ्यांनाही बरा दिसतो.

दांड्याच्या तोंडापासून चेंबरच्या अक्षापर्यंतचं अंतर मोजा. या उदाहरणात ते ६० धरू. लांब बिटावर टोकापासून ६० मिमीवर टेप गुंडाळा. बिट चेंबरच्या अक्षापर्यंत जायला हवा, पलीकडे नाही. पलीकडे गेला तर समोरच्या उतरत्या तळावर चरा उठतो. हे सगळं ठोकळ्याच्या दोन्ही समांतर बाजूंवर काढा, एका नव्हे. दुसरी बाजू ही पडताळणी आहे. ठोकळा चकमध्ये फिरवल्यावर दोन्हीकडच्या रेघा जुळल्या तरच आवळायचं.

क्रमाबद्दल कारागिरांमध्ये मतभेद आहेत. चेंबर आधी पाडणाऱ्यांचं म्हणणं असं की पोकळी उघडी असली की एअरवेचा बिट आत निघताना दिसतो. ते खरं आहे. तरीही तुमच्या टप्प्यावर मी एअरवे आधी आणि चेंबर शेवटी, असंच सांगेन. कारण एअरवे कुठे संपला हे एकदा ठरलं की चेंबरचा तळ त्याच्यापर्यंत हळूहळू उतरवता येतो. वरच्या उदाहरणात चेंबरचा तळ ३६ मिमीवर पोचला की एअरवेची वरची कड उघडायला लागते आणि ४० वर खालची कड तळाला मिळते. चेंबरच्या बिटावर ३६ आणि ४० अशा दोन खुणा करायच्या. पहिली खूण आली की लेथ बंद, भुसा फुंकून काढायचा, टॉर्चने आत बघायचं. मग अर्धा-अर्धा मिमी पुढे. भोक अपेक्षेपेक्षा मिलिमीटरभर वर-खाली निघालं असेल तर ते इथेच कळतं आणि चेंबर तेवढाच उथळ किंवा खोल करून सांभाळता येतं. आधी चेंबर ठरावीक खोलीला पाडला की ही सोय जाते. तुमचा पहिला पाइप या क्रमाने केला असता तर ४ मिमीची चूक झालीच नसती.

आता प्रत्यक्ष पाडणं. दांड्याची बाजू टेलस्टॉकसमोर आणा आणि सगळ्यात आधी दांड्याचं तोंड अक्षाला काटकोनात सपाट करून घ्या. याच धरणीत, ठोकळा न सोडता, सेंटर ड्रिलने खड्डा पाडा. मग नेहमीच्या आखूड ४ मिमी बिटाने जितकं जाता येईल तितकं जा आणि त्यानंतरच १५० मिमी लांबीचा बिट लावा. लांब बिट एकदम लावला तर तो लवतो आणि मऊ बाजूला पळतो. आखूड बिटाने केलेलं सरळ भोक त्याला वाट देतं. वेग मिनिटाला १,००० ते १,५०० फेरे, आणि दर ५–६ मिमीला बिट पूर्ण बाहेर काढून भुसा साफ करायचा. ब्रायरचा भुसा पिठासारखा बारीक असतो, बिटाच्या खाचांत दाबून बसतो आणि मग बिट कापायचा थांबून घासायला लागतो. जळका वास आला की थांबा. तो वास म्हणजे बिट बोथट आहे किंवा तुम्ही घाई करताय. घर्षणाने आतलं लाकूड काळं, चकचकीत झालं तर तिथून ओलावा शोषला जात नाही.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या मधली गाठ. ती कापून कित्येक तास उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. गाठीचं लाकूड असल्यामुळे आत दगडाचे कण, छोट्या पोकळ्या सापडतात. बिटाचं टोक अशा जागी आदळलं की वळतं. हाताला अचानक सैलपणा किंवा कुरकुर जाणवली तर दाब कमी करा, वेग तोच ठेवा आणि बिटालाच कापू द्या. ठोकळा हवेत नीट मुरलेला असावा. परदेशातून आलेला ठोकळा आपल्या पावसाळी हवेत लगेच कामाला घेऊ नका, काही आठवडे कपाटात पडू द्या. सराव मात्र ब्रायरवर करू नका, तो महाग आहे. वाळलेली बाभूळ घ्या, कडकपणा सरावाला पुरेसा आहे. पण सरावाच्या लाकडाचा पाइप ओढायला कुणाला देऊ नका. विशेषतः शिसवीपासून लांब राहा. तिच्या भुशाने अनेकांना अंगावर चट्टे आणि खाज येते, आणि ते लाकूड तापवून त्याचा धूर छातीत घ्यायचं काही कारण नाही. तंबाखूचा धूर आधीच पुरेसा घातक आहे.

एअरवे झाला की त्याच धरणीत खोबण. आधी साडेसात मिमीच्या साध्या बिटाने १९ मिमी खोल जा. तो ४ मिमीच्या भोकामागून बरोबर मधोमध जातो. मग ८ मिमीच्या एंड मिलने २० मिमीपर्यंत नेऊन तळ सपाट करा. हा सपाट तळ फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक हौशी पाइप इथेच मार खातात. साध्या बिटाने खोबणीचा तळ शंकूसारखा राहतो. कुसू आत गेला तरी त्याच्या पुढे पोकळी उरते. धूर बारीक भोकातून एकदम रुंद जागेत येतो, भोवरे घेतो, थंड होतो, पाणी तिथेच साचतं आणि ओढताना गुडगुड आवाज येतो. हा आवाज आला की लोक तंबाखू ओला आहे म्हणतात, पण पुष्कळदा दोष खोबणीत असतो. कुसू खोबणीपेक्षा ०.३ ते ०.५ मिमीच आखूड ठेवा, म्हणजे दांडा आणि स्टेम यांच्या मध्ये फट राहणार नाही आणि आतही जागा उरणार नाही. दांड्याचं तोंड, खोबण आणि एअरवे ही तिन्ही कामं ठोकळा न सोडता करायला सांगितलं त्याचं कारण हेच. ठोकळा सोडून पुन्हा धरला की तोंड आणि खोबण यांचा काटकोन गेला, आणि मग स्टेम बसवल्यावर एका बाजूला प्रकाशाची रेघ दिसते.

चेंबरला फोर्स्टनर बिट वापरू नका. त्याचा तळ सपाट असतो आणि मधलं टोक तळाच्या खाली भोक करतं. चेंबरचा तळ इंग्रजी यू अक्षरासारखा गोलाकार हवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा स्पेड बिट ग्राइंडरवर घासून हा आकार स्वतः करता येतो. कार्डबोर्डचा साचा कापा, बिटाच्या दोन्ही कडा त्या साच्याला तंतोतंत जुळेपर्यंत घासा, पुढचं लांब टोक पूर्ण काढून टाका आणि दोन्ही कडांना मागून साधारण १० अंशांचा उतार द्या. घासताना बिट पाण्यात बुडवत राहा, पोलाद निळं पडलं की धार टिकत नाही. एक कड दुसरीपेक्षा किंचित जरी पुढे राहिली तरी एकच कड कापते, बिट थरथरतो आणि चेंबर अंडाकृती होतो. वाटीचं तोंड सपाट करून आधी १४ मिमीच्या साध्या बिटाने ३० मिमीपर्यंत बरंचसं लाकूड काढा, मग हा बिट ३०० ते ५०० फेऱ्यांवर चालवा. शेवटचे दोन-तीन मिमी मी लेथ बंद करून चक हाताने फिरवत करतो. कापलेला तळ इतका स्वच्छ येतो की आत पॉलिशपेपर घालावा लागत नाही.

वाकड्या दांड्याच्या पाइपकडे तुम्ही लवकरच वळाल, म्हणून थोडं त्याबद्दल. दांडा वाकतो, बिट वाकत नाही. लाकडातला एअरवे नेहमी सरळच असतो. दोन अक्षांमधला कोन ९० ऐवजी, समजा, ६० अंश ठेवायचा, आणि वळण बाहेरच्या आकारातून आणि स्टेम गरम करून वाकवण्यातून आणायचं. एअरवे वरून तिरका उतरतो, त्यामुळे बिट अक्षाच्या पुढे गेला की थेट तळ खणतो. टेपची खूण इथे आणखी काटेकोर हवी. वळण खूप असेल तर एअरवे खोबणीच्या मध्याला न मिळता तिच्या कडेला निघतो आणि स्टेम न काढता पाइप-क्लीनर चेंबरपर्यंत जात नाही. रोज वापरायच्या पाइपमध्ये मला हे चालत नाही. रेखाटनात हे दिसलं तर वळण कमी करा.

आधी आकार, मग भोकं, ही उलटी रीत तुम्ही वाचली असेल. ती कोपनहेगनच्या कारागिरांची, आणि तिचं श्रेय मूळच्या स्वीडिश सिक्स्टेन इवार्सन यांना दिलं जातं. लाकडाचे रेषे जिकडे नेतील तिकडे आकार न्यायचा आणि त्या आकाराला साजेशी भोकं शेवटी पाडायची. त्याआधी, १८५० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या सँ-क्लोद गावात ब्रायरचे पाइप व्हायला लागले होते. ते गाव मुळातच लाकूड कातणाऱ्यांचं, त्यामुळे तिथलं सगळं काम लेथभोवती ठरलेल्या क्रमाने चालायचं. इवार्सन यांच्या रीतीने पाइपच्या आकाराला जे स्वातंत्र्य मिळालं त्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण त्या रीतीत समांतर बाजू उरत नाहीत. बिट हेडस्टॉकमध्ये फिरतो आणि घडवलेला तुकडा कारागीर हातात धरून त्यावर ढकलतो. डोळा आणि मनगट तयार झाल्याशिवाय ते करू नये. बिट लाकूड पकडतो आणि हातातून हिसकावतो. काही वर्षं समांतर बाजूंनी काम करा, तोवर दोन अक्ष ठोकळ्याशिवायही डोळ्यांना दिसायला लागतील.

स्टेमबद्दल थोडक्यात. आपल्याकडे हाताने शाईची पेनं घडवणारे एबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) कांड्या वापरतात. त्याच कांड्या पाइपच्या स्टेमला चालतात. एबोनाइटमध्ये गंधक असतं, तापलं की त्याचा वास येतो आणि कांडी मऊ पडून भोक सरकतं. म्हणून वेग कमी, भुसा वारंवार बाहेर, आणि लांब स्टेमला दोन्ही टोकांकडून भोक पाडा. ओठांत धरायचं टोक जेमतेम ४ मिमी जाड असतं, तिथे ४ मिमीचं गोल भोक मावणारच नाही. तिथे भोक चपटं आणि रुंद करायचं. ४ मिमी व्यासाच्या भोकाचा आडछेद १२.६ चौरस मिमी. टोकाशी फट दीड मिमी उंच आणि साडेआठ मिमी रुंद केली तर आडछेद १२.७५ होतो. धुराला चेंबरपासून ओठापर्यंत तेवढीच जागा मिळत राहते, ओढ कुठेच अडत नाही. एअरवे ३ मिमीचा ठेवणारे कारागीर आहेत, पण आडछेद एकदम ७.१ चौरस मिमीवर येतो आणि संथ ओढीत अडथळा तिपटीने वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. मी साडेतीनच्या खाली जात नाही.

सगळं जोडून झालं की रिकाम्या पाइपमधून शांतपणे हवा ओढा. आवाज यायला नको. शिट्टीसारखा आवाज आला तर कुठेतरी पायरी किंवा उठलेलं कुसळ आहे, बहुधा कुसूच्या टोकाशी. कुसूच्या भोकाची कड आणि खोबणीच्या तळातल्या एअरवेची कड काउंटरसिंकने किंचित उतरती करा. मग पाइप-क्लीनर स्टेममधून घाला. तो न अडता चेंबरच्या तळाशी निघाला पाहिजे.

आता तुमचे दोन बिघडलेले पाइप. ज्यात एअरवे ४ मिमी वर निघाला तो वाचतो. चेंबरचा तळच ४ मिमी वर आणायचा. सिगारची चाळलेली राख पाण्यात घट्ट कालवून तळात दाबून बसवायची रीत जुनी आहे आणि चालते, पण झिजत जाते आणि मधूनमधून पुन्हा लिंपावी लागते. माझी पसंती राखेत पाण्याऐवजी पातळ केलेलं सोडियम सिलिकेट घालण्याला आहे. एअरवेमध्ये पाइप-क्लीनर घालून ठेवा, म्हणजे तो बुजणार नाही. मिश्रण थोडं थोडं, दोन-तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. चमच्याच्या गोल बुडाने तळाला उतार द्या, तो एअरवेच्या खालच्या कडेला येऊन मिळाला पाहिजे. वरून ताक आणि ॲक्टिव्हेटेड कोळशाची बारीक पूड कालवून भिंतींना पातळ लेप दिलात तर नवं-जुनं एकसारखं दिसेल. तोही किमान दोन दिवस वाळू द्या.

डाव्या भिंतीत निघालेला मात्र वापरासाठी दुरुस्त करू नका. भोक बुजवून शेजारून नवं पाडता येतं, पण दोन भोकांमधला लाकडाचा पडदा पातळ राहतो आणि बुजवलेली जागा उष्णतेने सुटते. तो पाइप एअरवेच्या उंचीवर आडवा कापा. कापलेल्या भागावर दांड्याच्या तोंडाच्या मध्यापासून चेंबरच्या मध्यापर्यंतची रेघ आणि एअरवेचा अक्ष पेन्सिलीने काढा आणि ते किती अंशांनी हुकले ते कोनमापकाने मोजा. चूक दांड्याच्या तोंडापासूनच सुरू झाली असेल तर दोष ठोकळा धरण्याचा आहे. भोक निम्म्यापर्यंत सरळ जाऊन पुढे वळलं असेल तर लांब बिट आखूड बिटाच्या आधी लावल्याचा, किंवा भुसा न काढल्याचा. पुढच्या ठोकळ्याला हात लावण्याआधी हे नक्की करून घ्या.